आईचं ओरडणं

आमच्या घरात आई ओरडायची थांबली ते नेमकं कधी, हे मला कधीच सांगता आलेलं नाही. मोठं काही घडलं की माणसं त्याचा दिवस लक्षात ठेवतात, पण हे हळूहळू कमी होत गेलं आणि आमच्या लक्षात आलं तेव्हा ते पुरतं बंद पडलं होतं. त्याआधी आईच्या आवाजावर आमची सगळी वाडी चालायची. आगाशीच्या बाजारातून समुद्राकडे येताना डाव्या हाताला आमची वाडी, पुढे केळी, मागे पानवेली, आणि पानवेलींच्याही मागे बावखल. वाडीला पाणी पुरवणारं ते खोल तळं, त्याच्या काठाला हिरवंगार शेवाळ. आई मागच्या दारात उभी राहायची, एक हात कमरेवर, आणि हाक मारायची. ती हाक केळींवरून, पानवेलींवरून पार बांधापर्यंत जायची. "मनेऽऽ, बावखलाच्या काठाला गेलीस तर तंगडं मोडीन!" माझं नाव मोनिका, पण घरात मी मनी आणि आई रागावली की मने. बा, म्हणजे माझे वडील, पानवेलीतून मान वर न करता म्हणायचे, "जा बाय, नायतर केळीचे घड गळून पडतील." आजीला, बांच्या आईला, या आवाजाचा छुपा अभिमान होता. चर्चची घंटा फुटली तरी आपल्याला फिकीर नाही, आपल्याकडे सून आहे, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

मी अकरा-एक वर्षांची असताना माझा भाऊ जुजे झाला. बाळंतपण घरीच, जुन्या सुईणीच्या हातून झालं. मला शेजारच्या वाडीत सुमनकाकूंकडे पाठवून दिलं होतं. ते लोक हिंदू, आमच्यासारखेच बागायतदार, आमच्या दोन वाड्यांमध्ये फक्त शेवग्याची एक रांग. त्या रांगेतून मी पाहिलं, तर बा एकामागून एक बादल्या बाहेर आणत होते आणि वाडीच्या कोपऱ्यात खड्डा करून ओतत होते. बादल्यांत काय आहे हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आजी ओट्यावर गुडघे टेकून रोझरी म्हणत होती, तिचा आवाज चढत चढत रडण्यावर गेला होता. संध्याकाळी मला घरी आणलं. आई जिवंत होती, बाळ रडत होतं, आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. आई इतकी पांढरी दिसत होती की मला ती आधी ओळखूच आली नाही.

तिला दूध आलं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला मुशी माशाचं कालवण घालतात, त्याने दूध उतरतं म्हणतात. बांनी अर्नाळ्याच्या कोळणीला रोज मुशी आणायला सांगून ठेवलं. आजीने ती आलं-लसणात शिजवली, अळिवाची खीर केली, खसखस वाटली, शेगडीचा शेक दिला. घरभर मुशीचा वास इतका भरला की दुपट्यांनाही तो यायला लागला. पण आईची छाती कोरडी ती कोरडीच. शेवटी सुमनकाकू आपली तान्ही मुलगी एका काखेत घेऊन शेवग्याच्या रांगेतून यायला लागल्या आणि जुजेला मांडीवर घेऊन पाजायच्या. जुजे अजूनही त्यांच्या मुलीला बहीण म्हणतो, आणि ते खरंच आहे.

पुढे मी कितीतरी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ होता. पाठातल्या आकृतीत मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढा एक ठिपका असायचा आणि त्याला पीयूषिका असं सुंदर नाव दिलेलं असायचं. मुलं ते नाव पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि सुट्टीत विसरायची. त्या ठिपक्याला रक्त कमी पडलं की घरात काय होतं, हे त्या आकृतीत दाखवलेलं नसतं. ते मी आमच्या स्वयंपाकघरात पाहिलेलं होतं.

आधी आईची थंडी सुरू झाली. आमच्याकडे राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात, त्यांची सुकेळी करतात. भर उन्हाळ्यात अंगणात चटयांवर केळी पसरलेली असायची, मधमाश्या घोंगावायच्या, आणि त्या चटयांच्या शेजारी आई गोधडी पांघरून बसलेली असायची. आम्ही घामाने निथळत असायचो. पूर्वी ती दिवसातून दहा वेळा एकेक केळं परतायची, आणि कुणी एखादं तोंडात टाकलं तर चोराला पकडल्यासारखी ओरडायची. आता जुजे रांगत जाऊन केळी कुस्करायचा आणि ती बघत राहायची. तिचा आवाज जाड आणि संथ झाला, भिजलेल्या घोंगडीतून आल्यासारखा. भुवया विरळ झाल्या. तोंड सुजरं, मेणासारखं झालं. कालवणात कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही, आणि तिला ते कळायचं नाही. आजी म्हणायची, बाळंतवारं भरलंय. फादरांनी येऊन घरावर पवित्र पाणी शिंपडलं. सुमनकाकूंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. आगाशीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. बायकांना असं होतं, मन रमवा, म्हणाले.

मला मात्र तिचं ओरडणं हवं होतं. हे आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी त्यासाठी झुरत होते. एका संध्याकाळी मी मुद्दाम बावखलाच्या अगदी काठाला जाऊन उभी राहिले, पाय शेवाळावर, आणि मागच्या दारात बसलेल्या आईकडे बघत राहिले. तिने मला पाहिलं. आमची नजरानजर झाली हे मी शपथेवर सांगेन. आणि तिने सावकाश मान वळवून दुसरीकडे बघितलं. मी तिथेच बसून मोठ्याने रडले. बा आले आणि मला उचलून घेऊन गेले. पाय घसरला का, एवढंच त्यांनी विचारलं.

तीन वर्षं अशी गेली. मग जुजेचा कान फुटला आणि आगाशीच्या औषधाने बरा होईना, म्हणून बा त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. आईलाही बरोबर नेलं, कारण पोर तिच्याशिवाय सुईजवळ बसायचं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कान बघितला, साफ केला, आणि मग पोराला सोडून पोराच्या आईकडेच टक लावून बघायला लागल्या, असं बा सांगायचे. "याला अंगावर पाजलंत का?" त्यांनी विचारलं. बा म्हणाले, नाही. बाळंतपणात रक्त फार गेलं का? बा म्हणाले, बादल्यांनी. त्यानंतर पाळी आली का? ह्याचं उत्तर बांना माहीत नव्हतं आणि आईने हळूच मान हलवली, नाही. आईला त्यांनी तिथेच ठेवून घेतलं.

परत आल्यावर बांनी आजीला ओट्यावर बसून जे समजावलं ते मी पुढे वर्गात जसंच्या तसं वापरलं, कारण मला त्याहून सोपं काही सुचलं नाही. बा म्हणाले, "आई, तिच्या अंगाच्या वाडीत वाफे चांगले हाईत. गळ्यात एक वाफा हाय, तो अंगाला ऊब देतो. मूत्रपिंडावर एक हाय, तो ताकद देतो, माणूस घाबरला, आजारी पडला तर त्याला उभा ठेवतो. दुधाचा हाय, पाळीचा हाय. पण डोक्यात एक माणूस बसलाय, तो कुठल्या वाफ्यात किती पाणी सोडायचं ते ठरवतो. बाळंतपणात रक्त गेलं तवा तो माणूसच सुकला. आता वाफे वाट बघत बसलेत, पाणी सोडणारा नाय." आजी म्हणाली, "मग आता?" बा म्हणाले, "आता आपण हाताने पाणी घालायचं. गोळीने. रोज. जलमभर."

गोळ्या सुरू झाल्या. मी रोज सकाळी आईच्या तोंडाकडे बघायचे. आधी तिची गोधडी गेली. मग ती भात दुसऱ्यांदा मागायला लागली. एकदा जुजेकडे बघून हसली. आणि मग एका दुपारी मी पानवेलीत बांना मदत करत होते, तेव्हा केळींवरून आवाज आला, थोडा चिरका, थोडा घोगरा, पण खणखणीत: "मनेऽऽ! दुधावर झाकण कोण ठेवणार, तुजा नवरा?" बांच्या हातातला वेल सुटला. मग मी धावले. आई दारात उभी होती, कमरेवर हात, मांजराने दूध सांडलं होतं, आणि ती मला बोल बोल बोलत होती. मी तिच्या पोटात तोंड खुपसून रडत होते. "अगो, मारलं का मी तुना?" ती गोंधळून म्हणाली. त्या रात्री आम्ही सगळे दुधाशिवाय कोरडा भात जेवलो आणि आजीने देवाचे आभार मानले.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात गोड. मला ती अजून वासासकट आठवतात. नाताळच्या आधी आई अंगणात फुगे तळायची, फुगलेल्या पिठाच्या गोळ्यांचा तो आंबूस-गोड वास बांधापर्यंत जायचा. लग्नाच्या आदल्या रात्री दुसऱ्यांच्या मांडवात तिची गाणी सगळ्यांत वरच्या पट्टीत असायची. ती भांडायची, रुसायची, बांना नावं ठेवायची. मी मोठी होत होते आणि माझ्या वयाच्या मुली आयांच्या ओरडण्याला कंटाळलेल्या होत्या. मला त्यांचं नवल वाटायचं.

मग माझं दहावीचं वर्ष आलं. आमच्या घराण्यात तोवर दहावीला कुणी बसलेलं नव्हतं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन आम्ही चर्चमधून आलो आणि रिवाजाप्रमाणे जेवताना ज्याने त्याने आपला त्याग सांगितला. उपवासकाळात, ईस्टरपर्यंत, प्रत्येकाने आपली एक आवडती गोष्ट सोडायची असते. बांनी ताडी सोडली. आजीने तपकीर सोडली, म्हणजे दरवर्षी सोडायची आणि दुसऱ्या रविवारी धरायची. जुजेने बर्फाचा गोळा सोडला. मी रेडिओ. "आणि तू गो?" आजीने विचारलं. आई म्हणाली, "माजं मी आनी देव बघून घेऊ." आम्ही समजलो, मासे सोडले असतील.

महिन्याभरात ती उतरली. कामं करायची, पण सारखी टेकायची. सकाळी मळमळायचं. शुक्रवारी दिवसभर नुसत्या पेजेवर राहायची, त्यामुळे असेल, असं सगळ्यांनीच धरलं. उपवासकाळात सगळं गावच थोडं सुकलेलं दिसतं. मी पुस्तकात डोकं घालून बसले होते. विज्ञानाचा पेपर शेवटचा होता आणि तो शुक्रवारी होता. पेपर देऊन मी आले तेव्हा गाव क्रुसाच्या वाटेला निघालं होतं. चौदा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची, उठायचं, पुढे चालायचं. मी दप्तरासकट तशीच मिसळले. आई पुढे होती, आजीच्या शेजारी. ती गुडघे टेकून उठताना आजीचा खांदा धरत होती. पुढे पुढे उठायला जास्त वेळ लागायला लागला. एका वळणावर सगळे उठले आणि आई उठली नाही. ती तशीच कलंडली, धुळीत, पांढरी फटक.

बांनी कुणाचा तरी भाजीचा टेम्पो थांबवला आणि तिला वसईला एका दवाखान्यात नेलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिचं कपाळ गार आणि ओलं होतं. डॉक्टर तरुण होते, बाहेरगावचे. त्यांनी नाडी शोधली आणि त्यांचा चेहराच बदलला. औषध काही चालू आहे का? बा घाईघाईने म्हणाले, "हाय ना, मोठ्या इस्पितळाच्या गोळ्या, रोज घेते." तेव्हा आई डोळे न उघडता म्हणाली, "सोडल्यात."

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"राखेच्या बुधवारपासून."

"अहो बाई, उपवासाला गोळ्या चालतात की!"

"उपास नाय," आई म्हणाली. एकेक शब्द ओढून आणल्यासारखा येत होता. "त्याग."

डॉक्टर काही समजले नाहीत. बा मात्र भिंतीला टेकून खाली बसले. त्यांनीच मग उठून डॉक्टरांना सांगितलं, डोक्यातला माणूस सुकलाय, मूत्रपिंडावरच्या ताकदीच्या वाफ्याला पाणी नाही, जे काय असेल ते लवकर टोचा. डॉक्टरांनी एकदा बांकडे बघितलं आणि ते सुई भरायला धावले. त्या तेवढ्या वेळात मी आईचा हात धरून उभी होते. मला वाटलं, आता ही जाणार. तिने डोळे उघडले. त्या डोळ्यांत काही नव्हतं, भीती नाही, दुःख नाही, ती तीन वर्षं होते तसेच ते डोळे. आणि ती म्हणाली, "पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, चांगला गेला. तिने डोळे मिटले.

त्या औषधाची किमया मी पुढे कितीदा पुस्तकात वाचली, पण पाहिली तेव्हा ती किमया वाटली नाही, देव वाटला. सकाळी आई उठून बसली होती आणि परिचारिकेकडे चहा-पाव मागत होती. बांनी तिला विचारलं, "गोळ्या कशाला सोडल्या गो? दुसरं काय नव्हतं?" आई म्हणाली, "पोरीची परीक्षा. देवाला द्यायचं तर आवडतं द्यायला नको? त्या गोळ्यांनी मी माणसात आले. त्यांच्यापेक्षा आवडतं माज्याकडं काय हाय? सुपारी देऊ देवाला?" बा हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी फादर घरी आले. देवाने गोळी मागितली नव्हती, असं त्यांनी तिला बजावलं आणि प्रायश्चित्त दिलं: रोज गोळी घ्यायची, आणि घेताना 'आमच्या स्वर्गीय बापा' म्हणायचं. आईने ते शेवटपर्यंत पाळलं. माझा निकाल चांगला लागला. त्याचं श्रेय तिने गोळ्यांच्या त्यागाला दिलं आणि फादरांनी माझ्या अभ्यासाला, आणि त्यावरून ते दोघे बरीच वर्षं भांडले.

एकदा वर्गात एका मुलीने मला विचारलं, "टीचर, आईची मायापण संप्रेरकामुळेच येते का?" मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं. ते उत्तर खोटं नाही. ती तीन वर्षं मी काढलेली आहेत, आणि गोळीने आई परत आलेली मी पाहिलेली आहे. तरी त्या दिवशी मी घरी येताना अस्वस्थ होते. त्या शुक्रवारी दवाखान्यात तिच्या अंगात त्यातलं काही उरलेलं नव्हतं. मग पेपर कुणी विचारला?

हे मी तिला विचारायला फार उशीर केला. ती थकली होती. वाडीचा पुढचा तुकडा तोवर गेला होता आणि तिथे इमारत उभी राहत होती, त्यामुळे दुपारी ओट्यावर सावली यायची. आम्ही वाल सोलत बसलो होतो. मी विचारलं, "आय, जुजेच्या वेळी तू आजारी होतीस ना, तेव्हा तुना आमी दिसायचो का?"

"दिसायचात ना," ती म्हणाली. "सगळं दिसायचं. तू रडायचीस ते पण. पण काय वाटायचं नाय गो. वाटायला पायजे हे कळायचं, आनी वाटायचं नाय."

"आणि दवाखान्यात? पेपर विचारलास तेव्हा?"

तिचे हात थांबले नव्हते.

"तवापण काय वाटत नव्हतं," ती म्हणाली. "पण तू माजी पोर हाईस हे म्हाईत होतं ना."

ती त्याच वर्षी गेली. तिची आठवण आली की डोळे भरतात, आणि ते पाणी कुठल्या ग्रंथीतून पाझरतं हे मला अजून तोंडपाठ आहे. त्याने आठवण काही कमी होत नाही.